मोटरसायकलवरून पिस्तूल नेताना

रविवार, ४ फेब्रुवारी

रेंजवरच्या उस्तादांनी फर्मान काढलं आहे की प्रत्येक नेमबाजाने रोजनिशी ठेवायची. हवा कशी होती, नेम कुठे हुकला, ते त्या दिवशीच लिहायचं. उस्ताद फौजेतून निवृत्त होऊन आमच्यासारख्या हौशी मंडळींना शिकवतात आणि त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही. म्हणून ही वही आणली. नवरा म्हणाला, "लिही बाई. तेवढा वेळ तरी घरात शांतता राहील."

आज नेम वाईट लागला. दहा गोळ्यांतल्या चार कागदावरच्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर, त्याही चारी दिशांना, कशाला काही धरबंध नाही. अकरा वर्षं हे पिस्तूल माझ्याकडे आहे, असं कधी झालं नव्हतं. २५ मार्चला परवान्याची वार्षिक चाचणी आहे. ठरलेले गुण पडले तर पिस्तूल आणखी वर्षभर माझं, नाही पडले तर जमा करायचं. मी दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडांत वाकून बघत असते. रविवारचा तो एक तास मला हवा आहे.

नेम बिघडण्याचं कारण उघड आहे. गावाबाहेरचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलाय. नळीच्या टोकाशी नेम धरायला जो बारीक उंचवटा असतो, त्याला आम्ही माशी म्हणतो. ती धक्क्यांनी सैल होत असणार.

नेण्याच्या पद्धतीत माझी चूक नाही. आमच्याकडे चारचाकी नाही, बसमध्ये शस्त्र चालत नाही, म्हणून मी मोटरसायकलने जाते. पिस्तूल घरीच रिकामं करते. मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, आधी डोळा आणि नंतर करंगळी, कारण डोळा फसतो. चेंबरमध्ये रिकामं असल्याची खूण म्हणून पिवळी प्लॅस्टिकची पट्टी, चापाला कुलूप. असं ते कडक पेटीत जातं, त्या पेटीला कुलूप, आणि ती पेटी मोटरसायकलच्या मागच्या मोठ्या पेटीत, जी कॅरिअरला बोल्टने आवळलेली आहे. काडतुसं वेगळ्या डब्यात, त्याचं कुलूप वेगळं. परवाना जॅकेटच्या आतल्या खिशात. पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरायचं, म्हणजे वाटेत गाडी सोडून कुठे जायला नको. आणि अंगावर कधीच घ्यायचं नाही. पडलो तर पाठीच्या कण्याखाली किलोभर लोखंड असू नये.

सासूबाई हा सगळा सोहळा बघत असतात. "एवढी काळजी माझ्या दातांची घेतली असतीस तर कवळी लागली नसती," म्हणाल्या. कवळी त्यांना माझ्या लग्नाआधीपासून आहे.

या वहीचा कागद खरखरीत निघाला. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय. पेन बदलायला हवं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

नेमबाजीचं काही नाही, पण लिहायला दुसरी जागा नाही.

दवाखान्यात माझी मदतनीस पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. मी काही मागायच्या आत तिने ते पुढे केलेलं असतं. हल्ली मात्र ती जरा जास्तच करते. इंजेक्शन स्वतः भरून ठेवते. पेशंटचा गाल स्वतःच बोटाने बाजूला धरते. आणि रूट कॅनॉलची सगळी कामं धाकट्या डॉक्टरांच्या दिवसांवर ढकलते. धाकटे डॉक्टर आमच्याकडे तीन दिवस येतात, वर्षही झालं नाही त्यांना. कानामागून आले आणि तिखट झाले.

मी तिला विचारलं. म्हणाली, "मॅडम, तुमची पाठ दुखते ना, म्हणून."

माझी पाठ दुखत नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

हवा स्वच्छ, वारा अजिबात नाही.

पेटीत दोन बोटं जाड फोम घातला, पिस्तुलाच्या आकाराचा खड्डा कापून. कापताना सुरी दोनदा भरकटली, पण फोम म्हणजे फोमच. नेमात फरक नाही. पाच बाहेर.

जाताना पुलाजवळ नाकाबंदी होती. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ आहे. गाडी बाजूला, इंजिन बंद, दोन्ही हात हँडलवर, आणि समोरच्याने काही विचारायच्या आत आपणच सांगायचं. "साहेब, मागच्या पेटीत माझं परवान्याचं पिस्तूल आहे. रिकामं आहे, कुलपात आहे. परवाना आतल्या खिशात आहे, काढू का?" लोक आधी खिशात हात घालतात आणि मग सांगतात. ती चूक महागात पडू शकते.

पोलीस वयाने माझ्याएवढाच. मी परवाना पुढे केला, त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाबरू नका, मॅडम."

"मी घाबरलेली नाही."

"बरं, बरं," म्हणाला आणि कागद माझ्या हातातून हलकेच काढून घेतला. वाचला, परत दिला. पेटी उघडायला लावली नाही. "तुम्ही म्हणता रिकामं, म्हणजे रिकामं," म्हणाला. वागणूक चांगली होती, पण मला घाबरट समजल्याचा राग आला. कागद वाऱ्याने फडफडत होता, एवढंच.

रविवार, १८ फेब्रुवारी

आता फोम नाही. कडक पेटी टाकीवर, माझ्या पुढ्यात, पट्ट्यांनी आवळली आणि तारेचं कुलूप चौकटीतून ओवून घेतलं. मागच्या चाकावर धक्के जास्त बसतात असं मेकॅनिक म्हणाला होता. टायरमधली हवाही थोडी कमी केली. रस्ताभर पेटी डोळ्यांसमोर राहते हा फायदा. वळताना हँडलला लागते हा तोटा.

बाहेर: पाच. एक तर कागदालाच लागली नाही.

माझ्या शेजारच्या लेनमध्ये एक बेकरीवाला असतो. पहाटे भट्टी, दुपारी झोप आणि रविवारी पिस्तूल, असं त्याचं आयुष्य. त्याच्या पुढच्या दोन दातांवर मी बसवलेल्या टोप्या आहेत. बराच वेळ त्याने माझी माशी डोळ्याशी धरून तपासली. "डॉक्टर, मला तर काही हललेलं दिसत नाही," म्हणाला. दात माझ्याकडून घेतले तरी अक्कल त्याची त्याचीच आहे.

घरी चहा घेताना मी हे सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी म्हटलं, "अंगण खरोखरच वाकडं आहे. रस्ता बघून या एकदा."

त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. हल्ली माझा कप त्या अर्धाच भरतात. म्हातारपणी माणूस काटकसरी होतो.

रविवार, २५ फेब्रुवारी

आज मी माझाच नियम मोडला.

विचार असा केला की धक्का शोषून घ्यायला माणसाच्या शरीरासारखं दुसरं काही नाही. म्हणून पेटी सॅकमध्ये घातली आणि सॅक पाठीवर. पिस्तूल रिकामं, कुलपं जागच्या जागी, काडतुसं मागे वेगळ्या डब्यात. कायद्याने यात काही चूक नाही. चूक असेल तर ती माझ्या पाठीच्या कण्याची होती आणि तो म्हणजे माझा खासगी मामला.

रस्ता नीट पार पडला. रेंजच्या फाटकातून आत वळताना, अगदी चालण्याच्या वेगात, उजवा हात ब्रेकवर नीट बसला नाही. हातमोजे नवीन आहेत. गाडी कलली आणि मी पाठीवर पडले. पेटीचा कोपरा बरगडीखाली घुसला. काही क्षण श्वासच येईना. मोडलं काही नाही.

उस्ताद बाकावरून उठून आले. आधी मला बसवलं, पाणी दिलं, हातपाय हलवून पाहिले. मग सॅक उघडली. पेटी बघून त्यांनी ती हळूच बाकावर ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नवीन माणसांना हे कोण शिकवतं, की अंगावर न्यायचं नाही?"

"मी."

"मग?"

मी माशीचं सांगितलं. खणलेला रस्ता, फोम, टाकी, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं करू. पिस्तूल इथे तिजोरीत राहू दे. पुढच्या रविवारी मोकळ्या हाताने या. प्रवासच नाही म्हटल्यावर धक्का नाही."

हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. अगदी सोपा उपाय.

बुधवार, २८ फेब्रुवारी

बरगडी दुखते. हसलं की जास्त, पण तशी वेळ आली नाही.

आज एका शिक्षिकेची दाढ कोरताना ड्रिल निसटून तिच्या ओठाला लागलं असतं. लागलं नाही, कारण मदतनिसीने माझं मनगट धरलं. चक्क धरलं आणि बाजूला केलं. पेशंटचे डोळे मिटलेले होते, तिला काही कळलं नाही. नंतर मी म्हटलं, "खुर्ची खिळखिळी झालीय. दुरुस्तीवाल्याला बोलाव."

"बोलावते," म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बोलावलं मात्र नाही. संध्याकाळी मी स्वतः खुर्ची हलवून पाहिली. जराही हलत नाही. कधीकधी आपोआप घट्ट होत असेल.

रविवार, ४ मार्च

मोटरसायकलवर मागची पेटी रिकामी. सवयीने मी दोनदा आरशात पाहिलं.

उस्तादांनी तिजोरीतून पिस्तूल काढून दिलं. आठवडाभर ते हललेलं नाही. मी दहा मारल्या. सहा बाहेर.

मी पिस्तूल खाली ठेवलं. शेजारून बेकरीवाला म्हणाला, "मी मारून बघू?" उस्तादांनी मान हलवली. तो माझ्या जागी उभा राहिला आणि त्याच पिस्तुलाने, त्याच माशीवर नेम धरून, दहा मारल्या. कागद जवळ आणला. सगळ्या काळ्यात. एका बिस्किटाखाली झाकल्या गेल्या असत्या.

बेकरीवाल्याने माफी मागितल्यासारखा चेहरा केला.

पिस्तूल ठीक आहे.

सोमवार, ५ मार्च

सकाळी दवाखाना उघडण्याआधी मी मदतनिसीला म्हटलं, "खुर्चीत बस. आ कर."

ती बसली. मी दात बघायचा छोटा आरसा तिच्या खालच्या दाढेला टेकवला. नुसता टेकवून ठेवायचा होता. तो दाढेवर वाजायला लागला, टक टक टक टक. मी हात घट्ट केला तर जास्तच वाजला. ती आ करून माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. मी आरसा काढला.

"कधीपासून?"

"दिवाळीत तो दातांचं नवीन सिमेंट विकायला आला होता ना, कंपनीचा माणूस, तेव्हापासून. थंडीच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माशीचं बोलत होता, मॅडम. मला वाटलं, माशीचं झालं की तुमचं तुम्हालाच कळेल."

"आणि रूट कॅनॉल?"

"ते मीच हलवले. चुकलं का माझं?"

मी तिला कुठल्या तोंडाने बोलणार. म्हटलं, नाही चुकलं. मग आम्ही दोघींनी मिळून माझी पुढची सगळी कामं धाकट्या डॉक्टरांना दिली. मला फार लाज वाटली. त्या शिक्षिकेचा ओठ सारखा डोळ्यांसमोर येत होता.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "मला वाटायचं तू चिडलेली असतेस म्हणून भांडी आपटतेस." सासूबाईंनी नुसतं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्यांच्या हातात असताना तो हलत नव्हता.

सोमवार, १२ मार्च

मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी मला कागदावर गोगलगाईचं वेटोळं काढायला लावलं. मी काढलं ते सुरवंटासारखं दिसत होतं. डाव्या हाताने काढलं ते बरं होतं.

मी मनात ज्या मोठ्या दुखण्याचं नाव धरून गेले होते ते नाही. साधा कंप आहे. हात वापरला की येतो, ठेवला की जातो. पुढे वाढेल किंवा नाही वाढणार, सांगता येत नाही. एक जुनं, स्वस्त औषध आहे, ते लागू पडलं तर मी पुन्हा काम करू शकेन. मला दमा आहे का विचारलं, नाडी मोजली, रोज सकाळी घ्यायला सांगितलं. मध्येच बंद करायचं नाही. पहिले काही दिवस मोटरसायकल नको, चक्कर येऊ शकते.

औषधाचं नाव वाचलं आणि मला हसू आलं. बरगडी दुखली. हेच औषध नेमबाजीत चालत नाही. हात आणि काळीज शांत ठेवतं म्हणून खेळाच्या नियमांत त्याला बंदी आहे. हे मीच नवीन लोकांना सांगत आलेय.

गुरुवार, १५ मार्च

औषध सुरू करून तीन दिवस. चहाचा कप सासूबाईंनी आज न विचारता काठोकाठ भरला. सांडला नाही.

नवऱ्याने परवा चाचणीचा विषय काढला. मी नियम सांगितला.

"पण तपासतं कोण?" तो म्हणाला.

"कुणी नाही."

"मग झालं तर. तू काही पदक मारायला चालली नाहीस. औषध तू हाताच्या दुखण्यासाठी घेतेस, फसवायला नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं म्हणतात, पण इथे भांडं आहेच कुठे?"

त्याचं बोलणं मला पटण्यासारखं वाटलं. दोन दिवस मी ते पटवून घ्यायचा प्रयत्न करतेय. पिस्तूल मला ठेवायचं आहे. ते गेलेलं मला नको आहे.

मंगळवार, २० मार्च

दवाखान्यात मदतनिसीच्या दाढेला पुन्हा आरसा लावला. आवाज नाही. तिने आ केलेल्या तोंडानेच काहीतरी म्हटलं, मला कळलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी मोटरसायकलला हरकत नाही म्हटलं. पेशंट सोमवारपासून घेते.

रविवार, २५ मार्च

हवा ढगाळ, वारा थोडा.

सकाळी औषध घेतलं आणि निघाले. सगळा रस्ता मी मनाशी म्हणत होते की गप्प राहायचं. रेंजवर दहाबारा जण रांगेत. उस्ताद टेबलाशी, पुढे गुणांचे कागद.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "उस्ताद, मी औषध घेते. बंदी असलेलं. आज सकाळीही घेतलंय."

उस्तादांनी मान वर केली नाही. "इथे आवाज फार असतो. मला काही ऐकू आलं नाही."

"मी पुन्हा सांगते."

"नका सांगू. जा, उभ्या राहा आणि मारा."

मी हलले नाही. मग ते उठले आणि मला बाजूला घेऊन गेले. "हे बघा, तुमच्यासारखी शिस्तीची माणसं मला दोन-तीनच मिळाली. तुम्ही आजारी आहात, लबाड नाही. मी हे कुणाला सांगणार नाही."

मी त्यांना सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण तेव्हा नीट जमलं नाही. पिस्तूल घेऊन रस्त्यावरून जायची मुभा मला मिळाली ती एवढ्यावरच, की मी रिकामं म्हटलं तर ते रिकामं असतं. शेजारून जाणाऱ्या कुणालाही माझी पेटी उघडून बघता येत नाही. एकदा मी या टेबलाशी खोटं बोलले, की त्या शब्दाची किंमत संपली. मग मी कितीही कुलपं लावली तरी काय उपयोग.

उस्ताद म्हणाले, "बरं." मग टेबलाकडे परत जाताना म्हणाले, "तुमची लेन मोकळी आहे. गुणांत धरणार नाही. मारायच्या आहेत?"

मी मारल्या. दहा. शेजारी बेकरीवाला स्वतःचं सोडून बघत उभा होता. कागद जवळ आला तेव्हा त्याने बोटाने भोकं मोजली आणि एक कमी भरलं म्हणून पुन्हा मोजली. दोन एकाच भोकातून गेल्या होत्या. अकरा वर्षांत मी इतकं चांगलं मारलेलं नाही. "हे घरी न्या, डॉक्टर," तो म्हणाला. मी नेलं नाही.

पिस्तूल रिकामं केलं. डोळा, करंगळी, पिवळी पट्टी. उस्तादांच्या हातात दिलं आणि सही केली. ते मी शेवटचं रस्त्यावरून आणलं ते पाठीवर, स्वतःचा नियम मोडून. एकदा तरी नीट आणायला मिळायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतंय. परत येताना खणलेल्या रस्त्यावर मी थांबून रडले. थांबायला आता हरकत नव्हती.

सोमवार, २६ मार्च

पहिली पेशंट ती शिक्षिका. अर्धवट राहिलेल्या दाढेसाठी तिला धाकट्या डॉक्टरांची वेळ दिली होती, पण तिने माझ्याकडेच यायचं म्हणून सोमवार मागून घेतला होता. मदतनीस बाजूला उभी राहिली, हात मागे बांधून. तिला तसं उभं राहणं जड जात होतं.

मी दिवा खाली ओढला. शिक्षिकेने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि विचारलं, "डॉक्टर, लागणार नाही ना?"

"नाही लागणार," मी म्हटलं. सगळा हिवाळा मी प्रत्येकाला हेच सांगत होते. आज ते खरं होतं.